पुंगळीला पोचा: गॅस कमी करावा की रबर चिकटवावं?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात माजी सैनिकांच्या गप्पांत जुनी ७.६२ मिमीची एसएलआर (पुढची गोळी आपोआप चढवणारी रायफल) निघाली, की पुंगळीला, म्हणजे झाडलेल्या गोळीच्या पितळी कवचाला, पोचा पडू नये म्हणून काय करावं, हा वाद ठरलेला. माझं मत पक्कं आहे: आधी गॅस.

रिकामी पुंगळी हातात घेऊन फिरवा. पोचा अंगावर किंवा तोंडाशी असेल आणि रायफलच्या खिडकीच्या (जिथून पुंगळी बाहेर पडते) कडेला पितळेचा पिवळा ओरखडा दिसला, तर पुंगळी बाहेर पडताना तिथंच आपटते आहे. गोळी झाडताना तयार होणारा गॅस जास्त मिळाला की ब्रीच ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) जोरात मागं येतो आणि पुंगळी भिरकावली जाते. एसएलआरला गॅस रेग्युलेटर आहेच. तो उघडत नेला की जादा गॅस बाहेर जातो, धक्काही कमी होतो. पण फार उघडलात तर पुढची गोळी चढत नाही. मग रायफल नीट चालेपर्यंत एकेक खाच परत बंद करायची आणि वर आणखी दोन खाचा राखीव म्हणून बंद करायच्या. मग मळ साचला तरी रायफल अडत नाही.

कडेला रबराची पट्टी चिकटवली तर पोचा कमी होतो, काम पाच मिनिटांचं. पण जोर तसाच राहतो, आणि तापलेल्या धातूवर गोंद किती टिकणार? रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरणाऱ्यालाच त्या पट्टीचा खरा उपयोग.