दोन ऑफर हातात आहेत, इंजिनिअरिंगसाठी हो कुणाला म्हणायचं?

दोन विद्यापीठांची पत्रं समोर घेऊन बसलेल्या मुलाला घरचे, नातेवाईक, मित्र सगळे एकच विचारतात: नाव कुणाचं मोठं? मी बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवलं आहे. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. निवड चुकली हे दुसऱ्या सेमिस्टरला लक्षात आलं, तर तिथून वळता येईल का?

सतराव्या-अठराव्या वर्षी मेकॅनिकल म्हणजे गाड्या, सिव्हिल म्हणजे पूल आणि कॉम्प्युटर म्हणजे कोडिंग, एवढीच ओळख असते. शाखा खरी कळते ती थर्मोडायनॅमिक्सची गणितं सुटेनाशी होतात तेव्हा, किंवा सर्किटच्या लॅबमध्ये तीन तास कसे गेले ते समजत नाही तेव्हा. म्हणून दोन ऑफरची तुलना करताना मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवतो.

थेट शाखा की आधी सामायिक वर्ष

ब्रिटनमधलीच दोन विद्यापीठं घ्या. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात अर्ज करतानाच विभाग ठरवावा लागतो. सिव्हिल, केमिकल, एरोनॉटिक्स, ज्याला जे मिळालं तो पहिल्या दिवसापासून त्याच विभागाचा. केंब्रिजमध्ये मात्र इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं मुख्यतः सगळ्यांना सारखीच असतात. स्ट्रक्चर्स, मेकॅनिक्स, इलेक्ट्रिकल, मटेरियल्स सगळं शिकायचं, आणि शाखा तिसऱ्या वर्षी निवडायची.

ज्याला विषय पक्का ठाऊक आहे, त्याच्यासाठी थेट शाखा चांगली. विषयाची खोली लवकर येते आणि आपल्या विभागातले शिक्षक पहिल्या वर्षापासून ओळखीचे होतात. ज्याचं ठरलेलं नाही त्याला सामायिक वर्षं हवीत, मग त्यासाठी न आवडणारे दोन-तीन विषय सोसावे लागले तरी चालेल.

इथे एक मेख आहे आणि माहितीपत्रकात ती ठळक छापलेली नसते. ‘सामायिक पहिलं वर्ष’ दोन तऱ्हांचं असतं. अमेरिकेतल्या एमआयटीत सगळे पहिल्या वर्षी शाखेविना असतात आणि वर्ष संपताना आपली शाखा स्वतः जाहीर करतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात मात्र पहिल्या वर्षानंतर शाखेसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. ठरावीक गुणांच्या वर असाल तर पहिल्या पसंतीची हमी, त्याखाली असाल तर स्पर्धा. दोन्हींना सामायिक वर्षच म्हणता येईल, पण दुसरीकडे ते वर्ष म्हणजे आणखी एक प्रवेशपरीक्षाच असते. तुमच्या ऑफरमध्ये यातलं कोणतं आहे, हे लेखी विचारून घ्या.

थेट शाखा मिळाली असेल तर ब्रँच बदलायचे नियम वाचा. माझ्याकडे एक मुलगा होता, इलेक्ट्रॉनिक्सचा. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत त्याला पक्कं कळलं होतं की त्याला स्ट्रक्चर्स करायचं आहे. नियमाप्रमाणे बदल शक्य होता, पण अट होती की एकही विषय राहिलेला नसावा. त्याचा नेमका इलेक्ट्रॉनिक्सचा एक पेपर राहिला होता, म्हणून अर्जच घेतला गेला नाही. ज्या शाखेत जीव रमत नाही तिच्यातच उत्तम गुण मिळवा, मग सोडू, असा हा नियम. मला तेव्हाही तो अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो, पण असे नियम अनेक ठिकाणी आहेत.

सलग शिक्षण की मधे मधे नोकरी

अभ्यास आणि पगारी काम आलटून-पालटून करण्याची को-ऑप पद्धत 1906 साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी सुरू केली. आज तिचं सगळ्यात परिचित नाव कॅनडातलं वॉटर्लू. 1957 साली हे विद्यापीठ सुरूच मुळी याच कल्पनेवर झालं. तिथे इंजिनिअरिंगची मुलं साधारण चार-चार महिन्यांच्या सहा कामाच्या टर्म करतात, आणि पदवीला चार वर्षं आठ महिने लागतात.

सलग चार वर्षांच्या ऑफरशेजारी ही ऑफर ठेवली की आठ महिने वाया गेल्यासारखे वाटतात. मला तसं वाटत नाही. पहिल्याच टर्मला कारखान्यात किंवा डिझाइन ऑफिसात बसलेल्या मुलाला जे उमगतं, ते इतरांना पदवीनंतर उमगतं. वळायची ही दुसरी वाट आहे. वॉटर्लूत शाखा अर्जाच्या वेळीच ठरते, पण त्या शाखेत कोणकोणत्या तऱ्हेची कामं असतात ते सहा वेळा पाहायला मिळतं.

त्रासही खरा आहे. दर चार महिन्यांनी बिऱ्हाड हलवायचं, लेक्चर चालू असताना मुलाखती द्यायच्या. वेळापत्रक इतकं घट्ट असतं की एक विषय राहिला तर पुढचं सगळं सरकू शकतं. ज्याला एका जागी बसून, मित्रांच्या घोळक्यात, संथपणे शिकायला आवडतं त्याने सलग अभ्यासक्रम घेऊन उन्हाळी इंटर्नशिप करावी. यात काही कमीपणा नाही. को-ऑपच्या ऑफरवर एवढं मात्र विचारा: काम विद्यापीठ मिळवून देतं की फक्त जाहिरातींचं पोर्टल दाखवतं?

पदवी पुढे कुठे चालेल

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण दुसऱ्या देशात काम करायचं मनात असेल तर सोडू नका. 1989 च्या वॉशिंग्टन करारात सहा देशांच्या संस्थांनी एकमेकांनी मानांकित केलेल्या, म्हणजे दर्जा तपासून मान्यता दिलेल्या, इंजिनिअरिंग पदव्या समकक्ष मानल्या. पुढे इतर देश जोडले गेले, भारत 2014 मध्ये पूर्ण सदस्य झाला. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हे मानांकन विद्यापीठाला नसतं, एकेका अभ्यासक्रमाला असतं. एकाच विद्यापीठातलं सिव्हिल मानांकित आणि नवंकोरं रोबोटिक्स अजून नाही, असं होऊ शकतं. अमेरिकेतली एबेट ही संस्था तर किमान एक विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडल्याशिवाय अभ्यासक्रमाला मानांकन देत नाही.

ब्रिटनमध्ये एकाच विषयाच्या तीन वर्षांच्या बीईंग (बॅचलर) आणि चार वर्षांच्या एमईंग (मास्टर) अशा दोन्ही ऑफर येतात. चार्टर्ड इंजिनिअर, म्हणजे तिथला अधिकृत मान्यताप्राप्त व्यावसायिक इंजिनिअर, व्हायला लागणारी शैक्षणिक अट मानांकित एमईंग पूर्ण करते, बीईंगवाल्याला पुढे आणखी शिकावं लागतं. तीन वर्षांत सुटका होते हा हिशोब त्यामुळे थोडा फसवा आहे.

क्रमवारी

विद्यापीठांच्या शांघाय या जागतिक क्रमवारीत 30 टक्के भार नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांचा असतो. क्यूएस या दुसऱ्या क्रमवारीत अजूनही 30 टक्के भार प्राध्यापकांच्या मतांवरच्या प्रतिष्ठेचा आहे. पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये एका टेबलाभोवती चार मुलं असतात की बारा, हे त्यातल्या कशातूनच कळत नाही. दहा-वीस क्रमांकांच्या फरकावरून मी कधीच निर्णय घेणार नाही. पाचशेचा फरक असेल तर विचार करेन.

मी कुणाला काय सांगेन

आवड ठरलेली नसेल आणि एका हातात मोठ्या नावाची पण न बदलणारी शाखा, दुसऱ्या हातात जरा लहान नावाचं खरोखर मोकळं पहिलं वर्ष असेल, तर मी दुसरी ऑफर घ्यायला सांगेन. आवड पक्की असेल, म्हणजे शाळेपासून मोटारी उघडून पाहिल्या असतील, सर्किटं जळवली असतील, तर बिनधास्त थेट शाखा घ्यावी.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ईटीएच विद्यापीठासारखी ऑफर असेल तर वेगळा विचार हवा. तिथे पहिल्या वर्षाच्या विषयांची परीक्षा फक्त दोनदा देता येते आणि दोनदा नापास झालेला त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडतो. गणितावर हुकमत असलेल्यालाच मी तिकडे पाठवेन. स्कॉलरशिप मिळाली असेल तर ती टिकवायला दर वर्षी किती गुण लागतात ते पाहा. पहिल्या सेमिस्टरला गुण घसरणं अगदी सामान्य आहे, आणि तेवढ्यावर फीचं गणित कोसळायला नको.

पैसे भरण्याआधी दोन्हीकडच्या दुसऱ्या वर्षातल्या एकेका विद्यार्थ्याशी बोला. प्लेसमेंटचं पुढे कधीतरी विचारता येईल. आधी एवढंच विचारा: तुमच्या वर्गातून किती जणांनी शाखा बदलायला अर्ज केला होता, आणि किती जणांना ती मिळाली?