लॅम्प्स: फुकट आहे, पण डोकं खातं (५ पैकी ४)

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी) हलवून तिच्यातून पाणी पुढे सरकवायचं होतं, म्हणजे कॉम्प्युटरवरच, खरी नळी कुठून आणणार, व्यास जेमतेम ०.८ नॅनोमीटर, आत पाण्याचे रेणू रेशनच्या लायनीसारखे एकामागे एक. त्यासाठी तीन महिने लॅम्प्स वापरलं. अणू-रेणू कसे हलतील ते गणिताने काढणारं, अमेरिकेतल्या सँडिया लॅबमधलं सॉफ्टवेअर, ओपन सोर्स, एक रुपया लागत नाही, माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण चालतं.

सगळं टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं आणि तुम्ही लिहाल तेच ते करणार, तुमच्या मनात काय होतं ते विचारणार नाही. त्यात एककांचे वेगवेगळे संच आहेत, 'रियल' युनिट्समध्ये टाइमस्टेप (हिशोबाचं एक पाऊल) १ म्हणजे १ फेम्टोसेकंद, 'मेटल'मध्ये तोच १ म्हणजे १ पिकोसेकंद, सरळ हजारपट! मी कुठूनतरी उचललेल्या फाइलमध्ये वर 'मेटल' होतं ते बघितलंच नाही, रन दिला, चहा टाकायला गेलो, एवढ्या मोठ्या पावलाने अणू उडून गेले, आधण यायच्या आत स्क्रीनवर 'लॉस्ट अ‍ॅटम्स'. चूक माझीच, पण दोन दिवस गेले.

नळी हलवायला 'फिक्स मूव्ह विगल' आहे, कुठल्या दिशेला किती हलवायचं आणि एका झोक्याला किती वेळ एवढंच सांगायचं, एकदम झकास. पण अख्खी नळी सारखी हलवली की पाणी जितकं उजवीकडे तितकंच डावीकडे, हिशोब शून्य. मी आठवडाभर ग्राफकडे बघत बसलेलो, शेवटी मॅडम म्हणाल्या, अरे दोन्ही टोकं सारखीच असतील तर पाण्याला कसं कळणार कुठे जायचंय? मग एका टोकाजवळचेच अणू हलवले तेव्हा कुठे पारडं झुकलं.

अजून एक, हलवलं की पाणी तापतं म्हणून थर्मोस्टॅट (तापमान ताब्यात ठेवणारी कमांड) लागतोच, पण तो साधा लावला तर वाहण्याचा वेगही उष्णताच समजतो आणि प्रवाहालाच ब्रेक लावतो. नळीपासून लांबच्या पाण्यालाच लावा. हे मॅन्युअल वाचून कळेल असं नाही, मॅन्युअल तसं खूप चांगलं आहे, फक्त अवाढव्य आहे.

वेळेचं म्हणाल तर १ फेम्टोसेकंदाच्या टाइमस्टेपने १ नॅनोसेकंद म्हणजे १० लाख स्टेप, रात्री लावायचं आणि सकाळी उठून बघायचं. आणि तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. २००१ च्या 'नेचर'मधल्या त्या गाजलेल्या पेपरात ६६ नॅनोसेकंद चालवलं होतं, न हलवता, तेव्हा नॅनोसेकंदाला सरासरी १७ रेणू आरपार गेले. एवढ्या कमी आकड्यात तीन-चार रेणू इकडेतिकडे झाले की आपल्याला वाटतं पंप तयार झाला! मला वाटलंच होतं, घरी फोन पण करून झाला होता.

एक स्टार लॅपटॉपच्या फॅनसाठी कापलाय, रूममेट अजून शिव्या घालतो.