नवा फिल्टर सांगून जुन्यालाच काळा रंग मारला

आमची व्हॅन २००९ ची आहे, डिझेल, एमएच-०४ पासिंग. कळव्यात आमचं छोटं केटरिंग आहे आणि सकाळच्या डब्यांपासून लग्नाच्या पातेल्यांपर्यंत सगळं याच गाडीतून जातं. जूनमध्ये घोडबंदर रोडला ऑर्डर होती. गायमुखच्या चढावर गाडी दम खायला लागली. दुसऱ्या गिअरवर घेतली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तरी उचलेना. मागे कंटेनरची रांग, हॉर्नवर हॉर्न. कसाबसा चढ पार केला आणि सपाटीला लागल्यावर गाडी पुन्हा सरळ चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी माजिवड्याजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकने दोनदा रेस देऊन बघितली आणि म्हणाला, "साहेब, पंप गेलाय. नोझल पण करावे लागतील. फिल्टर तर बदलायलाच पाहिजे." इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप उतरवून त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजून जुळवणी, इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे चार नोझल, नवा डिझेल फिल्टर आणि मजुरी मिळून १६,८०० रुपये. पावसाळ्यात आमचा धंदा तसाही मंद असतो, त्यामुळे ही रक्कम काढताना घरात दोन दिवस चर्चा झाली. पण गाडी बंद म्हणजे चूल बंद, म्हणून हो म्हटलं.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा मालकाने एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशोब लिहून दिला. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "बिल घेतलं तर जीएसटी वर लागेल, कशाला उगाच?" मी मान डोलावली आणि यूपीआयने पैसे दिले. काढलेला जुना फिल्टर दाखवा, असंही म्हटलं नाही. या दोन गोष्टी मला आजही बोचतात.

अठराव्या दिवशी गाडी त्याच चढावर तशीच अडली.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पंपाचं नंतर बघू, आधी फिल्टर काढ. डिझेलच पोचत नसेल तर पंप तरी काय करणार?" रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बोनेट उघडलं. फिल्टर काळा कुळकुळीत, नवाकोरा दिसत होता. काकांनी खाली ट्रे ठेवला, पट्टा-पान्याने फिल्टर सैल करून माझ्या हातात दिला. फडक्याने पुसताना माझ्या अंगठ्याला तळाशी काहीतरी खरखरीत लागलं. रंगाखाली ओरखडे होते.

मला सवय आहे, गाडीला कुठलाही पार्ट लावला की स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्यावर महिना आणि साल कोरायचं. काकांनी चिंधीवर थिनर घेऊन ती जागा घासली. काळा रंग चिंधीला आला, खालून विटलेला निळा डबा दिसला आणि त्यावर माझ्याच हातचं "१२-२२". डिसेंबर २०२२ मध्ये मीच बसवून घेतलेला फिल्टर. त्यालाच स्प्रे मारून मला नवा म्हणून विकला होता.

मग काकांनी मला पंपाजवळ वाकायला लावलं. पंपाच्या बोल्टांवर तेल आणि धुळीचा जाड थर, एकाही कोपऱ्यावर पाना लागल्याची चमक नाही. नोझलला जाणाऱ्या पाइपांचे नटही तसेच मळलेले. "पंप उतरवला असता तर हे नट असे राहिले असते का?" काकांनी विचारलं. कशालाही हात लावला नव्हता. मग अठरा दिवस गाडी बरी कशी चालली? काकांचं म्हणणं, फिल्टरमधलं पाणी काढून टाकलं असेल, तेवढ्याने थोडे दिवस निभावतं.

तो फिल्टर आम्ही तळाची तारीख सांभाळून हॅक्सॉने कापला. आतल्या कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या, त्यांवर काळा चिखल. सपाटीला इंजिनाला डिझेल कमी लागतं, तेवढं यातून झिरपत होतं. चढावर, त्यात लोड असताना, जास्त लागतं. ते मिळेना, म्हणून गाडी उचलेना.

नवा फिल्टर आणायला गेलो तर दुकानदाराने दोन पुढे ठेवले. एक बिलासकट सातशेच्या घरात, दुसरा "सेम कंपनीचा" साडेतीनशेला, बिलाशिवाय. स्वस्तातल्याची रबरी रिंग नखाने उचकटली आणि खोक्यावरची छपाई फिकट, अक्षरं पसरलेली. बिलवाला घेतला.

बसवायला सव्वा तास लागला, तोही मी नवखा म्हणून. फिल्टरमध्ये स्वच्छ डिझेल भरलं, रबरी रिंगला डिझेलचं बोट फिरवलं, हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत नेला आणि तिथून पाऊण फेरा आवळला. आवळायला पाना लावायचा नाही, रिंग दबून फाटते. खरं काम त्यानंतरचं, एअर म्हणजे आत अडकलेली हवा काढायचं. वरचा स्क्रू सैल करून हॅण्ड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप, दाबत राहायचं. आधी नुसता फेस आला, मग फेस आणि डिझेल मिसळून थुंकल्यासारखं, आणि कितीतरी वेळाने बुडबुड्यांशिवाय सलग धार लागली. धार चालू असतानाच स्क्रू आवळला. सेल्फ मारला, इंजिन दोनदा अडखळलं आणि धरलं. पाच मिनिटं चालू ठेवून कुठे पाझरतंय का ते बोट फिरवून पाहिलं.

एक महत्त्वाचं सांगतो. आमचा पंप जुन्या पद्धतीचा, मेकॅनिकल आहे. तुमची गाडी कॉमन रेल, म्हणजे एकाच सामाईक नळीतून खूप दाबाने सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी, असेल तर फिल्टरमध्ये हाताने डिझेल ओतू नका. न गाळलेल्या डिझेलमधला बारीक कण थेट पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातो, आणि तो खर्च फार मोठा असतो. त्या गाडीत इंजिन चालू असताना पाइपाचा नटही सैल करायचा नाही. आतला दाब हजार बारच्या वर जातो, धार कातडीतून आत शिरते.

दुसऱ्याच दिवशी रिकामी पातेली भरून गायमुख चढून आलो. गाडी तिसऱ्यावर वर गेली.

तिथून थेट गॅरेजला. फिल्टरचा तळ मालकासमोर ठेवला. आधी "पोऱ्याने चूक केली असेल" झालं, मग "पंप तर आम्ही केलाच होता". बोनेट उघडून बोल्ट दाखवले तर तीन हजार परत देतो म्हणाला. मी घेतले नाहीत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मला तेव्हा माहीत असतं तर पुठ्ठ्यावरचा हिशोब मी घेतला नसता. गाडी धंद्याची आहे म्हणून आपण ग्राहक नाही, असं मालक मला ऐकवत होता. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो. इथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. त्याला दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयची नोंद, पुठ्ठा आणि कापलेला फिल्टर एका पिशवीत बांधून कपाटात ठेवलाय. पंपाचे बोल्ट धुळीसकट फोटोत घेतलेत, आणि गाडी धुणाऱ्या मुलाला सांगितलंय, सध्या बोनेटखाली पाणी मारायचं नाही.