डायरेक्ट ड्राइव्ह व्हील आणि लोडसेल ब्रेक: सिममधलं कार्टवर किती उतरलं?

संगणकावर गाडी चालवायचा, म्हणजे सिम रेसिंगचा हा सेटअप फोंड्याच्या घरी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लावला. मोझा आर५ चा ५.५ न्यूटन-मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह बेस (व्हील थेट मोटरच्या दांड्यावर बसतं), ॲल्युमिनियम प्रोफाइलचा रिग म्हणजे सांगाडा, लोडसेलचं ब्रेक पेडल, समोर एकच रुंद मॉनिटर. त्याआधी लॉजिटेक जी२९ हा साधा व्हील-पेडलचा संच वापरत होतो. घेताना मनात एकच प्रश्न होता: इथं शिकलेलं खऱ्या गाडीत उपयोगी पडतं का? गोव्यात कायमचा रेस ट्रॅक नाही, म्हणून पडताळणी भाड्याच्या कार्टवर, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाडीवर. पावसाळाभर असेटो कोर्सा आणि आयरेसिंग ही दोन सिम, आणि पाऊस ओसरल्यापासून जमेल त्या रविवारी कार्टिंग.

उपयोगी पडतं. पण ज्या भागावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालतात, त्या व्हीलमुळे सगळ्यात कमी.

सर्वांत आधी जाणवली ती नजर. नवखा माणूस पुढच्या कार्टच्या मागच्या चाकाकडे बघत राहतो. माझी नजर पहिल्याच फेरीपासून वळणाच्या आतल्या टोकावर आणि तिथून बाहेर पडायच्या जागेवर जात होती. पुढचा कुठे चुकेल याचा अंदाज, आत घुसायची घाई न करणं, सलग फेऱ्या जवळजवळ एकाच वेळेत काढणं, हेही सिमनं दिलेलं.

आता ब्रेक, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. जी२९ चं पेडल किती खाली गेलं ते मोजतं, लोडसेल पायाचा जोर मोजतो. खऱ्या गाडीत पाय लक्षात ठेवतो तो जोरच. काही आठवड्यांत पाय इतका तयार झाला की वळणात शिरताना ब्रेक थोडा थोडा सोडत नेणं, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, विचार न करता जमू लागलं. कार्टवर मात्र वेगळंच गणित. तिथं ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला, दोन्ही मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नाही, सस्पेन्शन नाही. वळवता वळवता ब्रेक दाबला की मागची बाजू लगेच फिरते. ट्रॅकवरच्या मेकॅनिकनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाब, ब्रेक मारतना व्हील शीद दवर" (सरळ ठेव). एबीएसच्या जीटी३ गाडीत (शर्यतीसाठी बदललेली स्पोर्ट्स कार) घटवलेली पद्धत तिथं जशीच्या तशी चालत नाही. पण पायातली नजाकत टिकली. जोर कमी-जास्त करायला पाय शिकलेला असल्यानं नवी पद्धत एका सकाळीच अंगवळणी पडली. जी२९ वरून थेट आलो असतो तर हे इतक्या लवकर झालं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

जे अजिबात उतरत नाही ते म्हणजे शरीर. सिममध्ये मागचं चाक घसरल्याचं डोळ्यांना आणि हातांना कळतं, कार्टमध्ये ते त्याआधीच कमरेला कळतं, आणि ती भाषा घरच्या खुर्चीत शिकता येत नाही. बरगड्या दुखतात, मनगटं भरून येतात, ऑक्टोबरच्या उन्हात हेल्मेटच्या आत घाम डोळ्यांत उतरतो. आणि भीती. समोर टायरची भिंत असते, रीसेटचं बटण नसतं.

मोठी उदाहरणं खरी आहेत. लुकास ओर्दोनेझ २००८ मध्ये जीटी अकॅडमी, म्हणजे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांमधून रेसर निवडणारी निसानची स्पर्धा, जिंकून आला आणि २०११ च्या ले मान्स या २४ तासांच्या शर्यतीत एलएमपी२ या प्रोटोटाइप गाड्यांच्या वर्गात दुसरा आला. यान मार्डेनबरो २०११ चा विजेता, २०१३ ला त्याच शर्यतीत त्याच वर्गात तिसरा. २०२५ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवर फॉर्म्युला १ च्या मॅक्स व्हर्स्टापेनसोबत फेरारी जीटी३ जिंकवणारा ख्रिस लुलहॅम सिम रेसिंगमधून पुढे आलेला. पण ओर्दोनेझ आणि मार्डेनबरो यांना मध्ये निसाननं खऱ्या ट्रॅकवर कसून प्रशिक्षण दिलं होतं. सिमनं दार उघडलं, शरीर तिथं घडलं. यूट्यूबवर हा मधला टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि नव्या मुलांची त्यात फसगत होते याचं मला फार वाईट वाटतं.

टिकाऊपणाबद्दल थोडं. आपल्याकडच्या दमट हवेत पेडलचे साधे बोल्ट जुलैतच गंजले, स्टेनलेसचे बसवले. वीज वारंवार जाते म्हणून बेस यूपीएसवर. बेसनं स्वतः काही त्रास दिला नाही.

मडगावच्या भाच्यानं परवा विचारलं, "मामा, जी२९ विकून डायरेक्ट ड्राइव्ह घेऊ?" म्हटलं, व्हील राहू दे, आधी लोडसेल घे, आणि उरलेले पैसे कार्टिंगला ठेव.

माझा पुढचा बेत कोईम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेचा. तिथली एलजीबी फॉर्म्युला ४ ही एकआसनी रेसिंग कार स्विफ्टच्या १.३ लिटर इंजिनावर चालते. त्यासाठी सध्या रोज संध्याकाळी एबीएस बंद करून फॉर्म्युला गाडीच चालवतोय.