गावाचा निधी: रुग्णवाहिका की आशाताईंच्या हाती साधनं?

एका पाड्यावरच्या सरपंचताई पेचात आहेत: निधी एकदाच मिळणार, गाडी घ्यावी की घरोघरच्या आरोग्यसेवेवर लावावा?

खर्च: गाडी घेतली की खर्च संपत नाही. चालक, डिझेल, टायर, विमा दरवर्षी मागे लागतात. आशाताईंच्या पिशवीतलं सामान, म्हणजे झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, बाळाची उबदार दुपटी, ओआरएसची पाकिटं, त्या मानानं किरकोळ. पण प्रशिक्षणाची उजळणी टाळली की पिशवी खुंटीलाच लटकते.

परिणाम: इथे मला शंका नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. बाळाचे तळपाय गार पडलेत, ते दूध ओढत नाही, हे वेळेवर ओळखणारं माणूस घरात पोचलं, म्हणून. मजुरी बुडेल या भीतीनं जे दवाखान्याचं नावच काढत नाहीत, ते गाडीही बोलावत नाहीत. आशाताई मात्र त्यांच्या दारात जातात.

पण बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला, साप चावला, तर गाडीच लागते.

कोणाला काय: १०८ नंबरची सरकारी रुग्णवाहिका वेळेत येत असेल तर सगळा निधी आशाताईंच्या कामाला द्या. ती तासन्‌तास येत नसेल तर आसपासच्या गावांनी मिळून एक गाडी घ्यावी, साधनं मात्र प्रत्येक गावानं आपापली.