दीवची सहल: 20,520 रुपये आणि वर एक पैसा

लिहायला लाज वाटते. बँकेत बावीस वर्षं काढलेला माणूस मी. सासऱ्यांना उठताबसता ‘ओटीपी कुणाला देऊ नका’ म्हणून बजावणारा. ओटीपी मीही दिला नाही. पैसे स्वतःच्या हाताने पाठवले.

दिवाळीत सोमनाथ-गीर-दीव ठरलं. आम्ही चौघं, मेव्हण्याकडचे दोघं. तटाच्या आतलं जुनं दीव, 1535 चा पोर्तुगीज किल्ला आणि मुलांचा हट्ट म्हणून नागवा बीचवर पॅरासेलिंग. हॉटेल खरं होतं. नकाशावर फोटो खरे, पत्ता खरा, फोन नंबर तेवढा भामट्याचा. आणि तो काही अडाणी नव्हता हो! झांपा दरवाजा, पाणीकोठा, भरतीच्या लाटा गंगेश्वरच्या पाच पिंडींवरून कशा जातात, सगळं तोंडपाठ. कुणीही फसलं असतं.

दोन खोल्या, दोन रात्री, 21,600. निम्मा ॲडव्हान्स, 10,800. क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर नाव आलं कुठल्याशा मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. बायको म्हणालीसुद्धा, “अहो, हे नाव वेगळंच दिसतंय.” मी म्हणालो, “मालकाचा दुसरा धंदा असेल.” हे वाक्य मी रोज रात्री ऐकतो. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. बायकोचंही ऐका.

मग वॉटर स्पोर्ट्सची कुपनं: सहा जणांचे 4,860. पाठवले. पाच मिनिटांत फोन: “सर, सिस्टीमने एंट्री घेतली नाही. 4,860.01 पाठवा, आधीचे आपोआप परत येतील.” एक पैसा! कोणतं हॉटेल पैशात हिशेब करतं? आणि मी बोट ठेवून दशांशचिन्ह टाइप केलं.

दीवला पोचलो तर रिसेप्शनवरचा मुलगा रजिस्टर न उघडताच म्हणाला, “साहेब, या आठवड्यातले तुम्ही तिसरे.” तिसरे! मग तो नंबर काढून टाकायला, दारावर एक कागद चिकटवायला काय झालं होतं? “आम्ही रिपोर्ट केलंय.” संपलं.

चौकीत सांगितलं, खातं तुमच्या गावचं, तिकडे तक्रार द्या. गावी आलो तर साहेब म्हणतात, प्रकार दीवचा, तिथेच द्यायची होती. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली तक्रार, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हे मी त्यांना सांगायचं! त्यावर “कायदा आम्हाला शिकवू नका.” अर्ज तीनदा लिहून घेतला, पोच एकदाही नाही. माझ्याच बँकेचं उत्तर: व्यवहार ग्राहकाने स्वतः अधिकृत केलेला आहे. म्हणजे मीच चोर.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच क्षणी फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी दुसऱ्या दिवशी दुपारी केला. आधी किल्ला बघून घेऊ म्हटलं, मुलं हिरमुसली होती. नंबर हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, नकाशावरून नको. वॉटर स्पोर्ट्सचे पैसे बीचवर, जॅकेट अंगात चढल्यावर.

मेव्हण्याला त्याचा वाटा अजून मागितलेला नाही. त्याने विचारलं तेव्हा म्हणालो, राहू दे, माझ्याकडून दिवाळी.