चार दिवसांची सुट्टी आणि मनाची नोंद ठेवणारं अ‍ॅप

पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काम करते आहे. तिथे एक शिस्त अंगात भिनते : रीडिंग आलं की त्याच क्षणी लिहायचं. दुपारी आठवून लिहिलेलं रीडिंग आम्ही धरतच नाही. म्हणून शुक्रवार ते सोमवार अशी सलग सुट्टी आली आणि हॉस्टेलवर राहणारी लेक त्या चार दिवसांसाठी घरी यायची ठरली, तेव्हा मी फोनवर मनःस्थितीची नोंद ठेवणारं एक अ‍ॅप घेतलं. गेल्या वेळी ती येऊन गेली तेव्हा मला फक्त तिची पाठ आणि बसचं दार एवढंच आठवत राहिलं होतं. मधले दिवस कुठे गेले ते सांगता येईना. या वेळी ते हातातून जाऊ द्यायचे नव्हते.

अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण खाली त्याचे दोष बरेच येणार आहेत आणि या जातीची बाकीची अ‍ॅपही साधारण अशीच चालतात. सकाळी सात ते रात्री दहा या वेळेत ते दिवसातून आठ वेळा, कधी ते न सांगता, वाजतं. वाजलं की चार प्रश्न. आत्ता कसं वाटतंय, उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत. त्यासाठी एक शब्द निवडा. काय करताय आणि कोणाबरोबर. आणि शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटला : तुमचं मन हातातल्या कामात आहे का?

ही पद्धत नवी नाही. 1970 च्या दशकात शिकागो विद्यापीठात मिहाय चिकसेंटमिहाय आणि त्यांचे सहकारी लोकांच्या जवळ पेजर देत आणि तो वाजला की त्या क्षणाची नोंद करायला सांगत. मनाच्या भटकण्याचा प्रश्न मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 साली फोनवरूनच 2250 माणसांना विचारला होता. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामाबाहेर होतं, आणि तसं असताना माणसं कमी आनंदी होती. माझी आकडेवारी एका घराची, चार दिवसांची. पण तो प्रश्न दिवसातून आठ वेळा स्वतःला विचारून पाहिला की कळतं, आपण घरात असूनही किती वेळा घरात नसतो.

गुरुवारी संध्याकाळी सुरुवात केली. तीन बीप आले आणि तिन्हींना मी चार किंवा पाच दिले. लेक अजून वाटेतच होती. मी चादरी बदलत होते, तिच्या खोलीतला पंखा पुसत होते, आणि अख्ख्या सुट्टीतला सगळ्यांत उंच सलग पट्टा तोच निघाला. सुट्टीच्या आनंदाचा मोठा वाटा वाट पाहण्यात असतो हे मी वाचलं होतं. नेदरलँड्समधल्या 1530 प्रौढांवर येरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले ते निघण्याआधी. परत आल्यावर बहुतेकांत तो फरक उरला नव्हता. स्वतःच्या आलेखावर ते दिसलं तेव्हा मात्र मी थोडा वेळ पंख्याखाली तशीच बसून राहिले.

शुक्रवार सपाट गेला. लेक दुपारपर्यंत झोपली, हे वर्तमानपत्र वाचत होते, मी उगाच तिच्या दारापाशी दोनदा जाऊन आले. एक, एक, शून्य, एक, दोन, एक, एक, एक. त्या दिवशी मला जरा फसल्यासारखं वाटलं होतं. इतक्या दिवसांनी आलेली मुलगी बंद दारामागे आणि मी बाहेर. आता बघते तर त्या दिवसात एकही उणे आकडा नाही.

शनिवारी धाकटी बहीण तिच्या घरच्यांसह आली. सकाळ छान होती, तीन आणि चार. मग आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला. कोण रजा घेणार, कोणाकडे आई राहणार, गेल्या वेळी कोणी काय केलं. सुट्टीत असे विषय निघतातच, कारण एरवी सगळे एका खोलीत येतच नाहीत. मी बोलू नये ते बोलले. धाकटी उठून गच्चीवर गेली. उणे तीन, उणे चार, उणे एक. दुपारभर घरात भांड्यांचाही आवाज नव्हता. संध्याकाळी मुलांनीच पत्ते काढले आणि आम्हा दोघींना जोडीला बसवलं. खेळता खेळता तिनं पानं न बघताच माझ्याकडे बघून हुकूम सांगितला आणि आम्ही दोघी हसत सुटलो. दोन, चार, तीन. रात्री निघताना ती म्हणाली, "ताई, पहिला आठवडा मी घेते." तारखा ठरल्या.

इथे अ‍ॅपचा सगळ्यांत मोठा दोष येतो. दिवस संपला की ते आठ ठिपक्यांची सरासरी काढतं आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तेवढाच आकडा दाखवतं. शुक्रवारची बेरीज आठ, सरासरी एक. शनिवारची बेरीजही आठ, सरासरी एक. दोन्ही दिवसांना एकच फिका हिरवा रंग! माझ्या कामात एखाद्याची साखर सकाळी 60 आणि संध्याकाळी 240 आली तर 150 लिहून मी रिपोर्ट देऊ शकत नाही. दोन्ही वेळा 150 असणारा माणूस वेगळा आणि हा वेगळा. याला आधी डॉक्टरांकडे धाडायला हवं. मनाचंही तसंच आहे. ठिपके अ‍ॅपमध्ये असतात, पण ते बघायला तीन पानं आत जावं लागतं आणि एका वेळी एकच दिवस दिसतो. चार दिवस एका रेषेत कुठेच मांडलेले नाहीत. शेवटी मी ते वहीत आलेखाच्या कागदावर हाताने काढले, आणि ज्यासाठी अ‍ॅप घेतलं होतं ते मला त्या कागदावर दिसलं.

दुसरा दोष भाषेचा, आणि तो मला मनापासून लागला. अ‍ॅप मराठीत आहे म्हणून आनंदाने घेतलं होतं. पण शब्दांची यादी कोणीतरी इंग्रजी यादी समोर ठेवून भरलेली आहे. थकव्यासाठी 'निचरा झालेला' असा शब्द आहे. निचरा पाण्याचा होतो. माणूस गळून जातो, शिणतो, मेटाकुटीला येतो. शिवाय सगळे शब्द पुल्लिंगी : चिडलेला, थकलेला, गोंधळलेला. चार दिवस रोज आठ वेळा एका बाईला हे वाचावं लागतं. 'चीड', 'थकवा', 'गोंधळ' अशी नामं ठेवली असती तर प्रश्नच मिटला असता. बनवणाऱ्यांना मी हे लिहून कळवलं आहे, अजून उत्तर नाही.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास आम्ही दोघी जमिनीवर बसून जुन्या फोटोंची पेटी लावत होतो. विशेष काही बोलणं चाललं नव्हतं. ती फोटोंच्या मागे वर्षं लिहीत होती, मी सांगत होते. मधेच ती माझे पांढरे केस मोजायला लागली आणि चाळीसनंतर कंटाळली. बीप वाजला. मी पाच दिले आणि शब्द शोधत बसले. 'उत्साही' नाही, 'आनंदी' म्हणवत नाही, 'शांत' जवळचा पण थंड. मला हवा होता 'निवांत'. तो यादीत नव्हता. मी 'शांत' दाबलं आणि फोन उपडा ठेवला.

मग संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांचा ठिपका. उणे तीन. लेक समोरच बसली होती, काही बिघडलं नव्हतं, जायला अजून अख्खी रात्र आणि अर्धा दिवस होता. मन हातातल्या कामात आहे का? नाही. शब्द? यादीतला सर्वांत जवळचा 'चिंताग्रस्त' होता, तो मी दाबला आणि ते खोटं उत्तर होतं. मला चिंता कसलीच नव्हती. ती हुरहुर होती. कातरवेळेला दाटून येते ती.

सुट्टीच्या शेवटी येणारं हे सावट जुनंच आहे. हंगेरीचे मनोविश्लेषक शांडोर फेरेन्त्सी यांनी 1919 सालीच रविवारी उफाळणाऱ्या मनोविकारांवर लिहिलं होतं. पण सहसा त्याचं कारण सोमवारचं काम असं सांगितलं जातं. माझा सोमवार तर सुट्टीचाच होता. माझ्या कागदावर स्पष्ट दिसतं की ती जाण्याच्या वीस तास आधीच मी तिला निरोप द्यायला लागले होते, आणि ते वीस तास ती घरातच होती.

त्या रात्री सेटिंगमध्ये बरंच खोल गेल्यावर स्वतःचे शब्द घालायची सोय सापडली. पैसे न भरता पाचच शब्द. मी घातले : निवांत, हुरहुर, रुखरुख, चुटपुट, गलबलणं. रुखरुख म्हणजे करायचं राहून गेलेलं टोचत राहतं ती. शनिवारी धाकटीला बोलले त्याची मला होती. चुटपुट त्याहून लहान, दोन दिवसांत विरणारी. हुरहुर मात्र पुढच्या गोष्टीची. भावनांना जितके नेमके शब्द, तितकं त्यांच्याशी वागणं सोपं, असं लिसा फेल्डमन बॅरेट यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञ सांगतात, आणि मला ते त्या रात्री पटलं. 'चिंताग्रस्त' वाचून मी कसली चिंता ते शोधत बसले होते. 'हुरहुर' लिहिल्यावर उठून तिच्या खोलीत गेले.

पण नवा शब्द घातला की अ‍ॅप विचारतं, तो कोणत्या चौकटीत ठेवू? दोन अक्ष आहेत : सुखद की दुःखद, उत्तेजित की शांत. जेम्स रसेल यांनी 1980 साली भावनांची अशी वर्तुळाकार मांडणी केली होती, तिचाच हा साधा अवतार. हुरहुर कुठे ठेवणार? ती दुखते, पण माया आहे म्हणूनच दुखते. जिच्याबद्दल काही वाटतच नाही तिच्या जाण्याची हुरहुर कोणाला लागते? मला रेषेवर ठेवायची होती. अ‍ॅप रेषेवर ठेवू देत नाही. नाइलाजाने दुःखदमध्ये टाकली.

सोमवारबद्दल थोडंच. बस सुटत असताना, अगदी तिचा हात खिडकीतून बाहेर असताना, फोन वाजला. मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशीचे चार बीप मी असेच सोडले. एखाद्या दिवशी ठरावीक तासभर गप्प राहण्याची सोय अशा अ‍ॅपमध्ये हवीच. इथे एक तर सगळं चालू किंवा सगळं बंद.

आठवड्यानंतर अ‍ॅपने विचारलं, मागे वळून बघता सुट्टी कशी गेली? मी विचार न करता शून्य दिलं. मग कागद काढला. पस्तीस बीपांपैकी एकोणतीस उत्तरं, त्यांतली फक्त सहा शून्याखालची. तीन शनिवारच्या भांडणाची, दोन रविवार संध्याकाळची, एक सोमवार सकाळची. तरी मला आठवत होती ती बस. डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांचा 1993 सालचा एक प्रयोग आहे. लोकांनी एकदा 14 अंशांच्या गार पाण्यात 60 सेकंद हात ठेवला, आणि एकदा तेच 60 सेकंद अधिक वर 30 सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत जरासं कोमट केलं. पुन्हा कोणता करायचा विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा, म्हणजे जास्त त्रासाचा निवडला, कारण त्याचा शेवट सौम्य होता. माझ्या सुट्टीचा शेवट गार होता, म्हणून आठवणीने सगळीच सुट्टी गार करून टाकली. एकोणतीस ठिपके नसते तर मी त्या शून्यावरच विश्वास ठेवला असता.

त्यामुळे दोष एवढे असूनही मी पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा त्या भटकणाऱ्या मनाच्या प्रश्नासाठी. अ‍ॅपने मी कुठे आहे ते (लोकेशन) आणि फोनमधले संपर्क मागितले होते, ते मी नाकारले आणि तरी सगळं नीट चाललं, तुम्हीही नाकारा. ज्यांचं मन आधीच फार खाली आहे त्यांनी मात्र याच्या भरवशावर राहू नये, रोज आठ वेळा स्वतःला मोजत बसणं त्यांना जड जाईल, त्यांनी माणसाशी, डॉक्टरांशी बोलावं. आणि बीप आठऐवजी चार ठेवा. आठ फार होतात, लेकीनं दोनदा फोनकडे बघून भुवई उडवली.

तो कागद मी तिला फोटो काढून पाठवला. तिनं रात्री फोन केला आणि पहिलं विचारलं, "रविवारी सहा वाजता कुठे होतो गं आपण?" मी सांगितलं, हॉलमध्ये, तू समोर बसली होतीस. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मी तेव्हा बॅग कधी भरायची हेच मनात मोजत होते. तुला कळेल म्हणून उठत नव्हते."

पुढची मोठी सुट्टी अजून लांब आहे. त्या वेळी बॅग रविवारी सकाळीच दोघींनी मिळून भरायची असं ठरलं आहे.